पोटाची केस: उजळणीआधी चार शब्द

परदेशातून डॉक्टरकीची पदवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला भारतात प्रॅक्टिस करायची तर आधी एफएमजीई पास व्हावं लागतं. दीडशे-दीडशे प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येक भागाला दीडशे मिनिटं, आणि ३०० पैकी १५० उत्तरं बरोबर आली की पास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मेडिसिनचे ३३ आणि सर्जरीचे ३२ प्रश्न असं वाटप असल्यामुळे पचनसंस्था हा बऱ्याच मुलांना दोन दिवसांत उरकायचा धडा वाटतो. प्रत्यक्षात पोट जवळजवळ प्रत्येक विषयात शिरलेलं असतं. ॲनाटॉमीत ते पोर्टल आणि सिस्टेमिक शिरांच्या जोडण्यांतून येतं, पॅथॉलॉजीत आतड्यातल्या व्रणांतून, मायक्रोबायोलॉजीत हिपॅटायटिसच्या मार्कर्समधून, पीएसएममध्ये दूषित पाण्याच्या साथीतून आणि स्त्रीरोगात फुटलेल्या एक्टोपिकमधून. म्हणून उजळणीचं पहिलं प्रकरण पोटाचं ठेवा, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे. ते नीट झालं की बाकीच्या विषयांतला बराच भाग आपोआप जागेवर बसतो.

या टिपणांना प्रस्तावना लिहिताना एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. साइन म्हणजे शरीरात घडणारी एक घटना आहे. ती का घडते हे कळलं की पाठांतराचं ओझं निम्म्यानं उतरतं, आणि परीक्षेसाठी केलेला अभ्यास पुढे रुग्णाच्याही कामी येतो.

पोटाइतकी माणसांच्या नावांची गर्दी वैद्यकात क्वचितच कुठे असेल. मर्फी, मॅकबर्नी, रोव्हसिंग, कुर्व्हाझिए, कलन, ग्रे टर्नर, केर, व्हिर्चो, शार्को. परीक्षा जवळ आली की मुलं वहीत दोन रकाने आखतात, डावीकडे नाव आणि उजवीकडे आजार. ही उजळणीची सगळ्यांत कच्ची पद्धत आहे, कारण आताचा प्रश्न नाव देऊन आजार विचारत नाही. तो रुग्ण समोर उभा करतो: वय, कुठे दुखतं, कधीपासून, ताप आहे का, तपासताना काय सापडलं, आणि मग विचारतो की आता पुढे काय कराल. त्यासाठी हात नेमका कुठे ठेवायचा, आत काय घडतं म्हणून रुग्ण कळवळतो, कोणत्या रुग्णात ही साइन दगा देते आणि ती मिळाल्यावर पहिली तपासणी कोणती, हे सगळं एका नावाशी जोडलेलं असावं लागतं.

मर्फीज साइन घ्या. शिकागोचे सर्जन जॉन बेंजामिन मर्फी यांनी १९०३ मध्ये तिचं वर्णन केलं. रुग्ण उताणा, गुडघे किंचित दुमडलेले, पोट सैल. रेक्टस स्नायूची बाहेरची कड उजव्या बरगडीला जिथे मिळते तिथे, बरगडीच्या कडेखाली, बोटं हलकेच रोवून ठेवायची. मग रुग्णाला मोठा श्वास घ्यायला सांगायचं आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर ठेवायची. श्वासाबरोबर डायफ्राम खाली येतो, यकृत खाली सरकतं, त्याच्या तळाशी असलेलं सुजलेलं पित्ताशय तुमच्या बोटांवर येऊन टेकतं आणि घेतलेला श्वास मध्येच तुटतो. हा तुटलेला श्वास म्हणजे साइन. नुसतं ‘इथं दुखतंय’ म्हणणं म्हणजे मर्फीज साइन नव्हे. डाव्या बाजूला हीच कृती केल्यावर श्वास तुटता कामा नये, हा भाग बरेच जण विसरतात. वयस्क रुग्णात ती बऱ्याचदा मिळत नाही, आणि पित्ताशयाला गँगरीन झालं असेल तर नसाच मेलेल्या असल्यामुळे दुखणं उलट कमी होतं. साइन मिळाली की पुढची तपासणी सोनोग्राफी. तिच्यात चित्र स्पष्ट झालं नाही तर हायडा स्कॅन. नुसत्या खड्याची कळ असेल तर ती काही तासांत ओसरते, ताप नसतो, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत आणि मर्फी निगेटिव्ह असते. पेपर काढणारे नेमकं याच फरकावर बोट ठेवतात.

इथून एक मोठं तत्त्व हाती लागतं आणि ते समजून घेण्यासाठी मुद्दाम वेळ द्यावा. आतड्याला कापल्याचं कळत नाही, ताणल्याचं कळतं. ते ताणलं गेलं की येणारी वेदना अंधूक असते, मध्यरेषेवर जाणवते आणि रुग्णाला एका बोटानं जागा दाखवता येत नाही. अपेंडिक्सच्या नसा पाठीच्या कण्यातल्या टी-१० पातळीला जातात आणि बेंबीभोवतीच्या कातडीची संवेदनाही तिथेच जाते, म्हणून सुरुवातीचं दुखणं बेंबीभोवती असतं. सूज वाढून पोटाच्या भिंतीच्या आतल्या पेरिटोनियमला पोचली की मात्र वेदना धारदार होते आणि जागा धरते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये दाखवलेला बिंदू हाच: कंबरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर.

हे कळलं की अपवाद पाठ करावे लागत नाहीत. सिकमच्या मागे दडलेलं अपेंडिक्स पुढच्या पेरिटोनियमला शिवत नाही, म्हणून पोट मऊ राहतं आणि मांडी मागे ताणल्यावर सोॲस स्नायू दुखतो. ओटीपोटात उतरलेलं अपेंडिक्स मूत्राशयाला आणि गुदाशयाला चेतवतं, म्हणून लघवीला वारंवार जावंसं वाटतं, जुलाब होतात, आणि पीआर केल्यावर उजवीकडे दुखतं. असा रुग्ण ‘गॅस्ट्रो’ म्हणून घरी पाठवला जातो आणि दोन दिवसांनी पेरिटोनायटिस होऊन परत येतो. प्लीहा फुटल्यावर डावा खांदा का दुखतो, हेही त्याच तत्त्वातलं. डायफ्रामखाली साचलेलं रक्त फ्रेनिक नसेला चेतवतं, ती नस मानेतल्या सी-३ ते सी-५ मधून येते आणि खांद्याची कातडीही तिथलीच.

ओघात आलं म्हणून सांगतो. निदान होईपर्यंत पोटदुखीच्या रुग्णाला वेदनाशामक द्यायचं नाही, नाहीतर खुणा झाकल्या जातात, अशी शिकवण सर्जरीत अनेक दशकं पक्की होती. नंतरच्या चाचण्यांत दिसून आलं की ओपिऑइड दिल्यानं निदान चुकण्याचं प्रमाण वाढत नाही. आज पर्यायांत ‘वेदनाशामक देऊ नका’ असं दिसलं तर ते उत्तर चूक समजा. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवणं ही तपासणीची अट असूच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्वादुपिंडाच्या खुणांवर फार वेळ घालवू नका. बेंबीभोवतीचा निळसरपणा म्हणजे कलन, कुशीतला म्हणजे ग्रे टर्नर. दोन्ही फार थोड्या रुग्णांत दिसतात, उशिरा दिसतात आणि त्यांचा अर्थ पोटात किंवा पोटामागे रक्त झिरपलं आहे एवढाच. कलन हे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि त्यांनी ती खूण फुटलेल्या एक्टोपिकमध्ये नोंदवली होती. पॅन्क्रिएटायटिसचं निदान तीनपैकी दोन गोष्टींवर होतं: पाठीकडे जाणारी नेमकी वेदना, लायपेज किंवा अमायलेज तिपटीच्या वर, आणि इमेजिंग. पहिल्या दोन असतील तर दारातच सीटी स्कॅन काढायची गरज नसते.

कावीळ झालेल्या रुग्णात पित्ताशय हाताला लागतं आणि दुखत नाही, तेव्हा कारण खडा असण्याची शक्यता कमी, असं कुर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये मांडलं. स्वादुपिंडाच्या डोक्याचा कर्करोग पित्तनलिका हळूहळू आणि सतत दाबत जातो, म्हणून पित्ताशय फुगतं. खड्यांनी वर्षानुवर्षं सुजून आकसलेलं पित्ताशय फुगू शकत नाही. हा नियम शक्यता सांगतो, खात्री देत नाही. एक खडा पित्ताशयाच्या नळीत आणि एक मुख्य नलिकेत असला तर तो चुकतो. शार्कोचं त्रिकूट म्हणजे ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखालचं दुखणं. त्यात रक्तदाब कोसळणं आणि शुद्ध हरपू लागणं मिळालं की रेनॉल्ड्सचं पंचक होतं. तुंबलेल्या नलिकेतला संसर्ग रक्तात उतरला आहे, असा त्याचा अर्थ. नुसत्या अँटिबायोटिकवर हा रुग्ण तरत नाही. नलिका मोकळी करावी लागते, म्हणजे ईआरसीपी.

हात लावण्याआधी पाहायचं असतं, हे सांगताना मला नेहमी सिस्टर मेरी जोसेफ आठवतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर इथे त्या विल्यम मेयो यांच्या सहायक होत्या. ऑपरेशनआधी रुग्णाचं पोट धुऊन तयार करताना त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्या बेंबीत टणक गाठ असते, त्यांच्या पोटात कर्करोग पसरलेला सापडतो. हॅमिल्टन बेली यांनी १९४९ मध्ये त्या गाठीला त्यांचं नाव दिलं. वैद्यकातल्या नावांच्या या भल्या मोठ्या यादीत नर्सचं नाव लागलेली ही दुर्मीळ खूण, आणि ती केवळ लक्ष देऊन पाहण्यातून आली. डाव्या कॉलरबोनच्या वरची व्हिर्चोची गाठही याच जातीची. थोरॅसिक डक्ट तिथे शिरेला मिळते, म्हणून पोटातला कर्करोग तिथे डोकं वर काढतो.

जलोदराला मात्र या टिपणांत मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण तिथे हाताचं कौशल्य आणि प्रयोगशाळेचा आकडा एकत्र येतात. शिफ्टिंग डलनेस काढताना बेंबीपासून कुशीकडे ठोकत जायचं, आवाज बद्द झाला की बोट तिथेच ठेवायचं आणि रुग्णाला विरुद्ध कुशीवर वळवायचं. मग थोडं थांबायचं. पाण्याला खाली आणि आतड्यातल्या हवेला वर यायला वेळ लागतो, आणि घाई करणाऱ्याला इथेच साइन मिळत नाही. त्याच जागी पुन्हा ठोकल्यावर आवाज खणखणीत झाला तर पाणी सरकलं. साधारण दीड लिटर पाणी साचल्याशिवाय ही साइन भरवशाची नसते. त्याहून कमी असेल तर सोनोग्राफीच.

पाणी आहे हे कळलं की ते काढून तपासायचं, आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करा. फरक १.१ किंवा जास्त आला तर पोर्टल दाब वाढलेला आहे: सिऱ्होसिस, हृदयाचा आजार, बड-कियारी. कमी आला तर पेरिटोनियम स्वतः आजारी आहे, आणि आपल्याकडे तिथे पहिला विचार टीबीचा आणि कर्करोगाचा. न्यूट्रोफिल्स २५० च्या वर गेल्या तर कल्चरची वाट न पाहता सेफोटॅक्झिम आणि सोबत अल्ब्युमिन. पाच लिटरच्या वर पाणी काढलं तर काढलेल्या दर लिटरमागे ८ ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन द्यायचं. सिऱ्होसिसच्या रुग्णात आयएनआर वाढलेला आहे म्हणून पाणी काढणं लांबवू नये, हेही ध्यानात असू द्या.

परदेशी पुस्तकांत जे आजार एका परिच्छेदात उरकलेले असतात, ते आपल्या वॉर्डात रोज असतात. परीक्षा भारतातली असल्यामुळे पेपरातही तेच येतात. टायफॉइड आणि टीबी दोन्ही इलियमच्या शेवटच्या भागाला धरतात. टायफॉइडचा व्रण पेयर्स पॅचवर असतो आणि पॅच आतड्याच्या लांबीला समांतर असतो, म्हणून व्रण उभा. टीबी पसरतो तो आतड्याला वळसा घालणाऱ्या लसिकावाहिन्यांतून, म्हणून त्याचा व्रण आडवा. उभा व्रण खोल गेला की तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतडं फुटतं, यकृतावरचा बद्द आवाज नाहीसा होतो आणि उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत डायफ्रामखाली हवा दिसते. आडवा व्रण भरताना आकसतो आणि आतड्याला कडं पडतं. मग रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, जेवलं की पोटात गोळा उठतो, इकडून तिकडे फिरतो, गुडगुड होते आणि मग सुटतो.’ अर्धवट अडथळ्याचं याहून नेमकं वर्णन कुठल्याही इंग्रजी पुस्तकात नाही. महिनोन्महिने घटलेलं वजन आणि संध्याकाळचा बारीक ताप त्याच्या जोडीला असला तर उजवीकडे खाली गोळा लागतो का ते चाचपायचं आणि क्रोन्सला वेगळं काढायचं.

अमीबिक लिव्हर ॲबसेस बहुधा उजव्या भागात होतो, कारण उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून मुख्यतः तिकडे वाहतं. बरगड्यांमधल्या जागेत बोटानं दाबल्यावर रुग्ण दचकतो. कावीळ सहसा नसते, शौचाच्या तपासणीत अमीबा बहुतेकदा सापडत नाही. मेट्रोनिडॅझोल हे मुख्य औषध, आणि नंतर आतड्यातले अमीबा मारायला डायलोक्सनाइडसारखं औषध, जे लिहायला हमखास राहून जातं. सुईनं पू काढायची वेळ काही रुग्णांवरच येते. डाव्या भागातला मोठा ॲबसेस मात्र हृदयाच्या आवरणात फुटू शकतो, तिथे वाट पाहायची नाही.

हिपॅटायटिस ई हा आपल्या पाण्याचा आजार. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्यावर दीर्घकाळ काम केलं आहे, आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली काविळीची साथ अनेकांना अजून आठवत असेल. एरवी बरा होणारा हा आजार गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणा ठरतो. पाठ्यपुस्तकांत तिथला मृत्युदर २० टक्क्यांच्या आसपास दिलेला असतो. काविळीच्या साथीत गर्भवती स्त्री असा प्रश्न आला की उत्तराला क्षणभरही विचार लागू नये.

आणि इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. हा आजार आता जवळजवळ दिसत नाही, तरी विद्यार्थ्यांनी तो वाचावा असा माझा आग्रह आहे. वर्ष-दोन वर्षांचं मूल, फुगलेलं पोट, टणक यकृत आणि हाताला लागणारी त्याची पातळ, धारदार कड. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या दुधाचा माग काढला. आईचं दूध लवकर सुटलेलं आणि वरचं दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं, असं चित्र पुढे आलं. कल्हई उडालेल्या भांड्यातलं तांबं दुधातलं केसीन धरून ठेवतं आणि तान्ह्या यकृतात ते साचत जातं. बायोप्सीत ऑर्सीन रंगानं ते उठून दिसतं. विल्सनमध्येही तांबंच साचतं, पण तिथे सेरुलोप्लाझ्मिन कमी असतं. इथे ते कमी होत नाही. पेनिसिलॅमिननं लवकर पकडलेली मुलं वाचली. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि आजार ओसरला. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात कारण सापडलेला हा आजार पेपरात ऑर्सीनच्या एका ओळीपुरता येतो, पण रुग्णाच्या घरात काय चाललं आहे हे विचारण्याची सवय लावायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

परदेशातून शिकून आलेल्या मुलामुलींशी बोलताना एक अडचण सारखी ऐकू येते. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान अशा ठिकाणी वर्गातलं शिकवणं इंग्रजीत झालं, पण वॉर्डातला रुग्ण स्थानिक भाषेत बोलत होता. हिस्टरी घेता आली नाही, पोटावर मोकळेपणानं हात ठेवता आला नाही. ही उणीव व्हिडिओ पाहून भरत नाही. घरच्या माणसांची, मित्रांची निरोगी पोटं तपासा. यकृताची वरची आणि खालची कड ठोकून काढा, श्वासाबरोबर काय सरकतं ते हाताला कळू द्या. प्लीहा चाचपायची तर उजव्या इलियाक फोसापासून सुरुवात करा, कारण वाढलेली प्लीहा त्याच दिशेनं येते, आणि दोन-तीन पटीनं वाढल्याशिवाय ती हाताला लागत नाही. नॉर्मल हाताला ठाऊक असेल तरच बिघडलेलं ओळखू येतं. नेमॉनिक्स वापरायला माझी हरकत नाही, पण समज आल्यानंतर, शेवटच्या आठवड्यात.

टिपणांमधला रक्तस्रावाचा भाग मात्र पहिल्या वाचनातच पक्का करून टाका. शौचाला काळी होते म्हणून आलेल्या प्रत्येक रुग्णाची पीआर करायची. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट-हिरवी होते, पण बांधलेली राहते. मेलेना डांबरासारखी चिकट असते आणि तिचा वास एकदा घेतला की विसरत नाही. एंडोस्कोपी हा पर्याय डोळ्यांत भरतो, पण नाडी १२० आणि रक्तदाब ८० असेल तर आधी श्वासमार्ग, दोन जाड सुया, रक्तगट आणि क्रॉसमॅच. सिऱ्होसिसचा रुग्ण असेल तर टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि सेफ्ट्रिॲक्सोन एंडोस्कोपीची वाट न पाहता सुरू करायचं. हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या दरम्यान राहील एवढंच रक्त द्यायचं, कारण जास्त दिलं तर पोर्टल दाब वाढून व्हेरिसिस पुन्हा फुटतात. स्कोप आणि बँडिंग त्यानंतर, रुग्ण स्थिरावल्यावर, पहिल्या बारा तासांत.